शस्त्रक्रियेनंतर केमो: टीसी की एसी-टी? ताईच्या रिपोर्टवर चर्चा हवी आहे

रानजाई
माझ्या थोरल्या बहिणीची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. स्तन राखून गाठ काढली, काखेतले लिम्फ नोड (लहान ग्रंथी) काढले. ड्रेन (जखमेतलं पाणी काढणारी नळी) निघाला, जखम भरली, हात डोक्यापर्यंत जातो. आता पुढचं ठरवायचं आहे.

रिपोर्ट असा: वय ४६, पाळी चालू. गाठ २.४ सेंमी, ग्रेड २ (मध्यम आक्रमक), कडा मोकळ्या (कापलेल्या कडेला कर्करोग नाही). १४ नोडपैकी १ मध्ये कर्करोग. ईआर आणि पीआर दोन्ही जोरदार पॉझिटिव्ह, हर-टू १+, केआय-६७ २० टक्के.

ऑन्कोलॉजिस्टनी केमोचे दोन मार्ग सांगितले. एक टीसी (डोसेटॅक्सेल आणि सायक्लोफॉस्फमाइड): दर तीन आठवड्यांनी, चार सायकल म्हणजे चार वेळा. दुसरा एसी-टी: आधी एसी (डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड) दर दोन आठवड्यांनी चार वेळा, मग पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला, बारा आठवडे. दोन्हींनंतर रेडिएशन आणि हार्मोनच्या गोळ्या आहेतच. "विचार करा, पुढच्या भेटीत ठरवू," म्हणाले. ताई म्हणते, तुम्ही सगळे सांगाल ते घेईन. मला ते पटत नाही. सहन तिला करायचं आहे, तर ठरवायलाही तीच हवी, आणि त्यासाठी तिच्यापुढे नीट माहिती हवी. ज्यांनी हे घेतलंय किंवा ज्यांचं हे काम आहे त्यांनी कृपया लिहा.

अजून एक. ताई शिवणकाम आणि बारीक भरतकाम करते. तोच तिचा व्यवसाय आणि तोच जीव.

सांजवेळ
रानजाई, ताईंना खूप खूप शुभेच्छा. माझी केमो होऊन गेली, आता गोळ्या चालू आहेत. सविस्तर नंतर लिहिते. तोपर्यंत एक करा: रिपोर्टची प्रत ताईंच्या हातात द्या आणि त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. मी तसंच केलं होतं. कागदावरचा एकेक शब्द विचारत गेले, तेव्हा डॉक्टरांशी बोलायचं बळ आलं.

कातळकडा
मी पॅथॉलॉजीत काम करते, म्हणून आधी रिपोर्टबद्दल.

शस्त्रक्रियेत दिसणारा कर्करोग निघाला. केमो असते ती न दिसणाऱ्या पेशींसाठी. रक्तातून किंवा लिम्फमधून काही पेशी आधीच बाहेर पडल्या असतील, तर त्या कुठल्याही स्कॅनवर दिसत नाहीत. त्यामुळे "स्कॅन स्वच्छ आहे, मग केमो कशाला" या प्रश्नाला अर्थ उरत नाही. त्या पेशी असण्याची शक्यता किती आणि असल्या तर केमोला दाद देतील का, हे रिपोर्टवरून ठरतं.

ईआर-पीआर पॉझिटिव्ह म्हणजे पेशी हार्मोनवर वाढतात, म्हणून पुढे बराच काळ चालणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या हे ताईंचं सर्वात मोठं औषध आहे. हर-टू हे पेशींना वाढवणारं एक प्रथिन. ते ० किंवा १+ असेल तर निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह, आणि २+ आलं तर फिश नावाची वेगळी तपासणी करूनच ठरवायचं. ताईंचं १+ आहे, त्यामुळे हर-टूवरच्या ट्रास्टुझुमॅब या औषधाचा प्रश्न येत नाही. केआय-६७ हा पेशी किती वेगाने विभागतात त्याचा अंदाज. तो प्रयोगशाळेगणिक थोडा बदलतो, म्हणून १८ की २२ यावर रात्री जागवू नका.

निर्णय अवघड आहे तो दोन गोष्टींमुळे: एक नोड पॉझिटिव्ह आणि पाळी चालू.

विहंग
जनुकांची चाचणी का करत नाहीत? माझ्या मेहुणीचा स्कोअर कमी आला आणि केमो टळली. ऑन्कोटाइप नाव होतं.

कातळकडा
विहंग, प्रश्न योग्य आहे, पण इथे वय आणि नोड आड येतात.

ऑन्कोटाइप गाठीतल्या २१ जनुकांची हालचाल पाहून ० ते १०० मधला स्कोअर देतं. २०१८ साली टेलरएक्स या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. काखेत कर्करोग नसलेल्या, हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह बायकांमध्ये ११ ते २५ स्कोअर असेल तर नुसत्या हार्मोन उपचाराचा निकाल केमोसह उपचाराइतकाच चांगला निघाला. पन्नाशीच्या आतल्या बायकांना मात्र १६ ते २५ मध्ये केमोचा थोडा फायदा दिसला. तुमच्या मेहुणीचा रिपोर्ट बहुधा या गटातला असणार.

एक ते तीन नोड पॉझिटिव्ह असलेल्यांसाठी आरएक्सपॉन्डर हा वेगळा अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये छापून आला. स्कोअर २५ पर्यंत. पाळी गेलेल्या बायकांना केमोचा फायदा झाला नाही: पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचं प्रमाण केमोसह ९१.३ टक्क्यांच्या आणि केमोविना ९१.९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सारखंच. पाळी चालू असलेल्यांमध्ये केमोसह ९३.९ टक्के आणि नुसत्या हार्मोन उपचाराने ८९ टक्के. म्हणजे शंभरातल्या पाचेक जणींना फायदा.

ताई या दुसऱ्या गटात येतात. स्कोअर कमी आला तरी "केमो नको" असं त्यावरून म्हणता येणार नाही. यातला काही फायदा केमोमुळे बीजाशयं थंडावतात आणि पाळी थांबते त्यातून येतो असं बऱ्याच तज्ज्ञांना वाटतं. इंजेक्शनने बीजाशयं थांबवली तर तेवढाच फायदा मिळेल का, यावर अजून एकमत नाही. हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

रानजाई
कातळकडा, मनापासून आभार. "शंभरातल्या पाच" हे मी ताईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा सरळ बसली आणि म्हणाली, "मग बाकीच्या पंच्याण्णव जणी उगीच घेतात का?" मला उत्तर सुचलं नाही.

कातळकडा
तिने नेमकं विचारलं. पंच्याण्णवातल्या बहुतेक केमोशिवायही बऱ्या राहिल्या असत्या. काहींना केमो घेऊनही रोग परत येतो. कोण त्या पाचात आहे हे आधी ओळखण्याचं साधन आज तरी कोणाकडे नाही, म्हणून गटाला औषध देतात.

आणि म्हणूनच टक्केवारी ऐकताना सावध राहा. "केमोने मृत्यूचा धोका एक तृतीयांशाने कमी होतो" हे मोठ्या एकत्रित विश्लेषणातून आलेलं खरं वाक्य आहे. पण मूळ धोका शंभरात ३० असेल तर त्याचा अर्थ १० जणी वाचतात, आणि मूळ धोका ६ असेल तर २. दोघींना एकच वाक्य सांगितलं जातं. डॉक्टरांना विचारायचं ते असं: "माझ्यासारख्या शंभर बायका घेतल्या, तर दहा वर्षांत केमोविना किती जणींचा रोग परत येईल आणि केमोसह किती?" केंब्रिजमध्ये तयार झालेलं प्रेडिक्ट नावाचं गणनयंत्र इंटरनेटवर आहे. डॉक्टरांबरोबर बसून भरलं तर चांगलं चित्र मिळतं. एकट्याने रात्री भरत बसू नका.

दूरदेशी
मी एसी-टी घेतली. चार नोड पॉझिटिव्ह होते, त्यामुळे मला पर्याय नव्हता.

एसीतलं ए म्हणजे ॲड्रियामायसिन, म्हणजेच डॉक्सोरुबिसिन, सगळे ज्याला लाल औषध म्हणतात ते. नर्स शेजारी बसून मोठ्या सिरिंजने सावकाश शिरेत सोडते, मधेमधे दांडा किंचित मागे ओढून रक्त येतंय ना ते बघते, कारण हे औषध शिरेबाहेर गेलं तर मांस जाळतं. त्या दिवशी लघवीही लालसर होते. माहीत नसेल तर माणूस घाबरतं, म्हणून लिहिते. हे औषध सुरू करण्याआधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो, कारण हृदयावर ताण येऊ शकतो. आयुष्यभरात किती द्यायचं त्याला मर्यादा आहे. चार सायकलमध्ये साधारण त्या मर्यादेच्या निम्मं होतं.

मळमळ मला वाटली होती त्यापेक्षा कमी झाली. आधीच्या पिढीने पाहिलेल्या उलट्या आता तशा राहिल्या नाहीत, औषधं फार सुधारली आहेत. पण गोळ्या मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायच्या, नंतर नाही. त्यातल्या काहींनी बद्धकोष्ठ होतो, त्यासाठीचं औषधही पहिल्याच दिवशी मागून घ्या. केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गेले.

पॅक्लिटॅक्सेलचे आठवडे पोटाला सोपे गेले, बोटांना नाही. निम्म्याच्या पुढे गेल्यावर बोटांची टोकं बधिर. शर्टाचं बटण लावताना बटण हातात आहे की नाही ते बघावं लागायचं. आता बरंच कमी झालंय, पण पायाच्या बोटांत अजून आहे. भरतकाम वाचलं म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहिलं.

रानजाई
दूरदेशी, हेच मला कोणी सांगितलं नव्हतं. ताईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे पाहत होती.

सांजवेळ
माझी टीसी झाली. डोसेटॅक्सेल आणि सायक्लोफॉस्फमाइड. लाल औषध यात नसतं, म्हणून हृदयाची ती काळजी नाही. केस यातही जातातच. डोसेटॅक्सेलने फार थोड्यांचे केस पूर्ण परत येत नाहीत असंही आढळलं आहे, माझे आले. आदल्या दिवसापासून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घ्यावं लागतं, त्याने सूज आणि ॲलर्जी आटोक्यात राहते, पण रात्रभर टक्क जागी असायचे. नखं काळपट झाली, दोन उचकटली. बोटांना मुंग्या आल्या, पण टिकल्या नाहीत. सलाईन चालू असताना हातापायांना बर्फाचे मोजे घालतात, त्याने नखं आणि नसा दोन्हींना मदत होते. मिळत असतील तर नक्की मागा.

मला सर्वात जड गेला तो थकवा. झोपून न जाणारा. तिसऱ्या सायकलनंतर जिना चढताना मधल्या पायरीवर बसायचे. रोज थोडं चालल्याने मला तरी फरक पडला.

माळरान
दोन्हींतलं चांगलं कोणतं याचं सरळ उत्तर आहे का?

कातळकडा
सरळ नाही, पण दिशा आहे. टीसीच्या चार सायकल एसीच्या चार सायकलपेक्षा सरस ठरल्या, हे आधीच्या अभ्यासात दिसलं होतं. नंतर २०१७ मध्ये आलेल्या एबीसी अभ्यासात टीसीच्या सहा सायकल आणि लाल औषध अधिक टॅक्सेन (पॅक्लिटॅक्सेल किंवा डोसेटॅक्सेल) यांची तुलना झाली. चार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण टीसीमध्ये ८८.२ आणि लाल औषध असलेल्या गटात ९०.७ टक्के. फरक मुख्यतः हार्मोन निगेटिव्ह आणि जास्त नोड असलेल्यांमध्ये होता. जर्मनीतल्या प्लॅन-बी अभ्यासात दोन पद्धतींत फरक दिसला नाही. म्हणून नोड चार किंवा जास्त असतील, ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) असेल, तर एसी-टीकडे कल. हार्मोन पॉझिटिव्ह आणि एखादा नोड असेल तर टीसी ही कमी प्रतीची तडजोड म्हणता येत नाही.

एसी दर दोन आठवड्यांनी देतात त्यालाही आधार आहे. २०१९ च्या एकत्रित विश्लेषणात सायकली कमी अंतराने दिल्यावर दहा वर्षांत रोग परतण्याचं प्रमाण ३१.४ वरून २८ टक्क्यांवर आलं. त्यासाठी पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन लागतं, त्याने हाडं दुखतात.

पाऊलवाट
धाग्यात घुसते, माफ करा. माझी ट्रिपल निगेटिव्ह, १.८ सेंमी, नोड स्वच्छ, शस्त्रक्रिया झाली. लहान गाठ आहे तर केमो टाळता येईल का?

कातळकडा
पाऊलवाट, घुसणं कसलं, इथेच विचारा. तुमच्या बाबतीत हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, हर-टूवरची औषधंही नाहीत, त्यामुळे केमो हेच मुख्य शस्त्र. एक सेंमीच्या वरच्या ट्रिपल निगेटिव्ह गाठीला नोड स्वच्छ असले तरी केमो सुचवतात, आणि हा प्रकार केमोला चांगली दाद देतो. जनुक चाचणीचा स्कोअर तुम्हाला लागू नाही. पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधाबद्दल वाचलं असेल, तर ते शस्त्रक्रियेच्या आधीपासून केमोसोबत सुरू करतात आणि तेही मोठ्या गाठी किंवा नोड असलेल्यांना.

बीआरसीए ही आनुवंशिक जनुकांची तपासणी मात्र करून घ्या. बदल आढळला तर दुसरा स्तन, बीजाशयं आणि घरातल्या रक्ताच्या नात्यातल्या बायका, सगळ्यांसाठी पुढची पावलं बदलतात.

नदीकाठ
माझ्या बायकोची हर-टू ३+, गाठ दीड सेंमी, नोड नाही. तिला लाल औषध दिलंच नाही. बारा आठवडे पॅक्लिटॅक्सेल आणि ट्रास्टुझुमॅब, मग ट्रास्टुझुमॅब एक वर्ष पूर्ण होईपर्यंत दर तीन आठवड्यांनी. आम्हाला सुरुवातीला वाटलं कमी उपचार करताहेत. डॉक्टरांनी समजावलं की तीन सेंमीपर्यंतच्या, नोड नसलेल्या गाठींवर हाच उपचार तपासला गेला आहे आणि सात वर्षांनी ९३ टक्के बायका रोगमुक्त होत्या. दर तीन महिन्यांनी इको होतो. रानजाई, तुमच्या ताईला हे लागू नाही, पण हर-टू पॉझिटिव्हवाले कोणी वाचत असतील त्यांच्यासाठी.

उंबरठा
माझी आई ७२ वर्षांची. गाठ १.३ सेंमी, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, नोड स्वच्छ. नातेवाईक म्हणतात केमो द्याच, नाहीतर आपण काही केलं नाही असं होईल.

कातळकडा
उंबरठा, आईंच्या रिपोर्टवर बहुतेक वेळा हार्मोनची गोळी आणि गरजेनुसार रेडिएशन एवढंच सुचवतात. शंका असेल तर जनुक चाचणी त्यांच्या वयाला उपयोगी उत्तर देते. नातेवाईकांच्या समाधानासाठी केमो देऊ नये, हे मी ठामपणे सांगते. उलट बाजूही आहे: नुसतं वय जास्त म्हणून गरज असलेली केमो नाकारणंही चूक. ६५ च्या वरच्या बायकांवरच्या एका अभ्यासात सोपं पडेल म्हणून फक्त कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या दिल्या, तर त्या नेहमीच्या केमोपेक्षा कमी पडल्या.

हिरवळ
इतकं विष शरीरात घालण्यापेक्षा हर्बल औषधाने माझ्या ओळखीतल्या एकींचा कर्करोग गेला. नाव हवं असल्यास निरोप पाठवा.

दूरदेशी
हिरवळ, शस्त्रक्रियेने गाठ निघालेली असते, त्यानंतर काहीही घेतलं तरी काही काळ "कर्करोग गेला" असंच दिसतं. कृपया निरोप पाठवू नका. इथे माणसं घाबरलेल्या अवस्थेत येतात.

पायघडी
मी केमो वॉर्डात नर्स आहे. हिरवळ यांच्या मुद्द्यावर एवढंच: जडीबुटीच्या गोळ्यांपैकी काही यकृतावर काम करतात आणि केमोच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वर-खाली करतात. घेत असाल तर लपवू नका, आम्ही रागावत नाही.

आता ताईंसाठी. सुरू व्हायच्या आधी दात तपासून घ्या, किडका दात असेल तर आत्ताच उरकून टाका. हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी झाली आहे का बघा, जुना संसर्ग केमोत उसळतो. शिरा बारीक असतील तर पोर्टबद्दल (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवतात ती छोटी डबी) विचारा. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हातात सुई शक्यतो टाळायची. सायक्लोफॉस्फमाइडच्या दिवशी पाणी भरपूर आणि लघवी तुंबवायची नाही, ते मूत्राशयाला चरचरतं.

आणि ताप. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वात खाली असतात. थर्मामीटरवर ३८ सेल्सियस म्हणजे १००.४ फॅरनहाइट दिसलं की पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करून निघायचं. बाकी सगळं विसरलात तरी हे फ्रिजवर लिहून ठेवा.

चांदणचुरा
माझं वय ३३, मूल नाही. एसी-टी सांगितली आहे. पुढच्या आठवड्यात सुरू.

पायघडी
चांदणचुरा, आजच फोन करा. बीजं गोठवायची असतील तर ती केमोच्या आधीच काढावी लागतात, त्याला साधारण दोन आठवडे लागतात. शस्त्रक्रियेनंतर महिना-दीड महिन्यात केमो सुरू करतात, तीन महिन्यांच्या पुढे ढकलणं चांगलं नाही, पण दोन आठवड्यांची जागा बहुतेकदा असते. बीजाशयांना विश्रांती देणाऱ्या गोसेरेलिनच्या इंजेक्शनबद्दलही विचारा. डॉक्टरांनी विषय काढला नसेल तर तुम्ही काढा.

चांदणचुरा
केला फोन. उद्याची वेळ मिळाली. खूप आभार.

रानजाई
आज भेट झाली. ताई स्वतः कागदावर प्रश्न लिहून घेऊन गेली होती, मी फक्त शेजारी बसले.

तिने पहिलाच प्रश्न विचारला: माझ्यासारख्या शंभर जणींत किती? डॉक्टरांच्या अंदाजाने केमोचा फायदा शंभरात चार ते पाच, आणि टीसीऐवजी एसी-टी घेतली तर त्यात फार तर आणखी एक. मग तिने बोटांचं विचारलं. दर आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये बधिरपणा जास्त जणींना होतो आणि काहींचा राहतो, टीसीत कमी, पण शून्य नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. बीजाशयं इंजेक्शनने थांबवून केमो टाळण्याबद्दलही विचारलं. नोड पॉझिटिव्ह असताना ते आजच्या माहितीवर सुचवायला तयार नाहीत, पण केमोनंतर पाळी परत आली तर ते इंजेक्शन हार्मोनच्या गोळीसोबत देणार आहेत. गोळी केमो संपल्यावरच, एकत्र नाही.

ताई म्हणाली, "पाचासाठी मी घेते. त्या एकासाठी बोटं देणार नाही." टीसी ठरली. डॉक्टरांनी मान डोलावली, म्हणाले मीही हेच सुचवलं असतं.

हिपॅटायटिसचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. दातांची वेळ घेतली आहे. बर्फाचे मोजे त्यांच्याकडे आहेत, आम्हाला विचारल्यावर कळलं. पायघडी, डिजिटल थर्मामीटर चालेल ना?

पायघडी
चालेल, काखेत धरला तरी चालेल, फक्त शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूला. सुरू व्हायच्या आधी दोन-तीन दिवस नेहमीचं तापमान नोंदवून ठेवा, म्हणजे वाढलेलं लगेच कळतं. वॉर्डाचा रात्रीचा नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्या.